खाली हजर

इंगळे मॅडम गेल्या, त्यानंतर आठवडाभरानं आमच्या ऑफिसात शोकसभा झाली. हार घातलेला फोटो, मेणबत्त्या, दोन मिनिटं शांतता, सगळं रीतसर. बोलायला उभा राहिलेला एक तरुण अधिकारी गदगदून म्हणाला, "मॅडम आजही वरून आपल्याकडे बघत असतील." सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी ओठ दाबून हसू आवरलं. शेजारी आमचा सावंत शिपाई बसला होता, त्यानं मला कोपरानं ढोसलं. त्याचीही तीच गत झाली होती.

इंगळे मॅडम, आणि वर! एक तर बाई बौद्ध. आभाळात कुणी खुर्ची टाकून बसलंय हे त्यांना मान्यच नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, जन्मभर त्यांचं भांडण कुणाशी होतं, तर ते या 'वर'शीच.

हे कळायला आमचं ऑफिस ठाऊक हवं. अंधेरीच्या बाजूला आहे एवढंच सांगतो, नाव सांगत नाही. माझी पेन्शन तिथूनच येते. बाजारातले ओटे, फुटपाथवरचे स्टॉल, दुकानांचे परवाने असली कामं तिथं चालतात. दोन मजली जुनी इमारत, मधोमध रुंद दगडी जिना. खाली खिडक्या आणि रांगा, वर साहेब. त्यामुळे आमच्या भाषेत 'वर' हा शब्द फार मोठा. 'वरून आलंय' म्हणजे आदेश. 'वर पाठवलंय' म्हणजे तुमचं काम लटकलं. आणि 'वर विचारा' म्हणजे माझं डोकं खाऊ नका. साहेब कोकणातला असो की खानदेशातला, एकदा वर बसला की तो वरचा झाला.

अशा ऑफिसात प्रमिला इंगळे बदलून आल्या. लहानपणीच्या पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर, दोन हातांत दोन कुबड्या. मी तेव्हा परवाना विभागात कारकून होतो. पहिल्याच दिवशी माणुसकी दाखवायला पुढे झालो आणि म्हटलं, "मॅडम, पर्स धरू का?"

"धरा," त्या म्हणाल्या. "पर्सच धरा. मला धरू नका."

त्यांचं टेबल खाली, चौकशीच्या खिडकीमागे. दोन्ही हात कुबड्यांत अडकलेले, त्यामुळे कप घेऊन कुणाच्या टेबलाशी जाऊन गप्पा मारणं त्यांना जमायचं नाही. मग चहा त्यांच्या टेबलावर यायचा, आणि चहा जिथं तिथं माणसं. वर्षभरात ऑफिसातली एकही भानगड अशी उरली नाही, जी आधी त्या टेबलावर आली नाही. आवळा सुपारीची डबी उघडी असायची. तिच्याशेजारी कुबड्यांच्या टोकांना लावायची जादा रबरं. नवी फरशी कुठं बसवली की बाई आधी कुबडीचं टोक तिच्यावर घासून बघायच्या आणि तोंड वाकडं करायच्या. गुळगुळीत फरशी बसवणाऱ्या माणसाला त्या ज्या शिव्या द्यायच्या, त्या मी इथं लिहू शकत नाही.

स्वभावाला त्या गोड नव्हत्या. हे सांगायला हवं, कारण शोकसभेत सगळ्यांनी त्यांना फार गोड करून टाकलं. कुणी 'बिचारी' म्हटलं की त्या दिवसभर त्याच्याशी बोलायच्या नाहीत. चुकल्या तर माफी मागायच्या नाहीत, दुसऱ्या दिवशी नुसती आवळा सुपारीची डबी पुढे सरकवायच्या. एकदा एक धडधाकट दिसणारा लंगडत खिडकीशी आला आणि काम आधी करा म्हणून गयावया करू लागला. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "अहो, मघाशी डावा पाय होता," त्या म्हणाल्या, "आता उजवा कसा?" तो गेला तो दोन्ही पायांनी धावत गेला.

सरकारनं मध्यंतरी शब्द बदलला. 'अपंग' काढून 'दिव्यांग' आणला. आमच्याकडे लगेच पेंटर आला, खिडकीवरची पाटी रंगवून गेला. दारातली पायरी मात्र फुटकी होती तशीच राहिली. बाई म्हणाल्या, "मला दिव्य म्हणा नाहीतर पांगळी म्हणा, मला फरक पडत नाही. पायरी दुरुस्त कधी करताय ते बोला."

आता मूळ गोष्टीवर येतो.

ओट्यांच्या आणि स्टॉलच्या तक्रारींची सुनावणी दुसऱ्या मजल्यावर साहेबांसमोर व्हायची. रीत अशी, की सावंत जिन्याच्या तोंडाशी उभा राहून अर्जदाराचं नाव पुकारायचा. तीन हाका. ओ आली नाही की आत जाऊन सांगायचा, आणि कागदावर 'गैरहजर' असा शेरा पडायचा. लागोपाठ दोनदा गैरहजर, की प्रकरण बंद.

वर्सोव्याची हिराबाई म्हणून एक कोळीण होती. मासळीबाजारातला सासूचा ओटा तिच्या नावावर व्हायचा होता, आणि दिराचीही त्याच ओट्यावर नजर होती. साखरेच्या आजारानं तिचा एक पाय गुडघ्याखाली कापलेला. ती सकाळी रिक्षानं यायची, जिन्याच्या पायथ्याशी बाकावर बसायची. दोन मजल्यांवरून सावंतची हाक तिथवर पोचणं शक्यच नव्हतं, खाली तर बाजार भरलेला. सुनावणीच्या पहिल्या तारखेला ती अशीच संध्याकाळपर्यंत बसून परत गेली आणि गैरहजर ठरली. दुसऱ्या तारखेला दुपारी इंगळे मॅडमनी खिडकीतून तिला विचारलं, "मावशी, कुणाची वाट बघताय?"

"सकालपासून बसलंय मी," हिराबाई म्हणाली. "कोनी आवाजच नाय दिला."

तेवढ्यात वरून तिचा कागद माझ्याकडे आला. गैरहजर. दुसऱ्यांदा. म्हणजे ओटा गेला. मी तो बाईंना दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, शेऱ्यावर एक आडवी रेघ मारली, आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'अर्जदार खाली हजर.' सही केली, हिराबाईचा अंगठा घेतला आणि कागद सावंतच्या हातात दिला. "जा, वर दे."

सावंतचा चेहरा पडला. "मॅडम, वाट लागेल ना माझी."

"तुझी नाही, माझी लागेल. जा."

पाचव्या मिनिटाला टेबलावरचा फोन वाजला. साहेबांचा आवाज मला पलीकडच्या टेबलावर ऐकू येत होता.

"इंगळेबाई, हा काय शेरा?"

"खरा शेरा आहे, साहेब."

"असा शेरा नियमात नाही."

"हजर असलेल्या माणसाला गैरहजर लिहावं, असंही नियमात नाही."

 माणूस वाईट नव्हता. आपण मोठ्या मनाचे आहोत हे दाखवत ते म्हणाले, "बरं, मग आणा तिला वर. चार माणसं घ्या, खुर्चीत बसवा आणि उचलून आणा."

बाईंनी फोनवर हात ठेवून हिराबाईला विचारलं, "मावशी, उचलून नेतो म्हणतायत. जाता का?"

हिराबाईनं पदर खोचला. "मी काय गनपती हाय? आनि गनपतीला पन उचलून नेतात ते बुडवायलाच!"

रांगेतली सगळी माणसं हसली. फोनवरून साहेबांनीही ऐकलं असणार. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, अर्जदार स्वतःला उचलू द्यायला तयार नाहीत. तुम्ही एवीतेवी जेवायला खाली उतरताच. आज दहा मिनिटं आधी उतरा."

साहेब उतरले. रागानं लाल होऊन उतरले, पण उतरले. बाकावर हिराबाईच्या शेजारी बसून त्यांनी कागद वाचले, दोन प्रश्न विचारले, आणि काम झालं. पुढच्या महिन्यात ओटा तिच्या नावावर झाला.

मी त्या दिवशी चहाच्या वेळी बाईंना विचारलं, "मॅडम, वर चढायचं म्हटलं की लोक नाराज होतात हे समजतं. पण तुम्ही त्या 'गैरहजर' शब्दावर एवढ्या का उखडलात?"

तेव्हा त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडील बुलढाण्याकडून आलेले, घाटकोपरला एका गोदामात हमाल. शाळा पहिल्या मजल्यावर. ते रोज कामावर जायच्या आधी पोरीला पाठीवर घेऊन जिना चढायचे, वर्गात बसवायचे, मग दिवसभर गोणी उचलायचे. एक दिवस त्यांची पाठ धरली. आईनं रिक्षानं शाळेत आणलं, पण वर चढवायला तिच्यात बळ नव्हतं. तिनं पोरीला सगळ्यात खालच्या पायरीवर बसवलं आणि कामाला गेली. वर शाळेच्या बाई हजेरी घेत होत्या. प्रमिला इंगळे, असं नाव खाली ऐकू आलं. ही खालून जीव खाऊन ओरडली, हजर! वर्गातला गलका एवढा, की कुणाला ऐकू गेलं नाही. गैरहजर.

"दिवसभर बसले मी तिथं," बाई म्हणाल्या. "सगळी पोरं माझ्या बाजूनं चढत उतरत होती."

ही गोष्ट त्यांनी मला नंतरही एकदा सांगितली, आणि दोन्ही वेळा इयत्ता वेगळी होती. पण एक वाक्य दोन्ही वेळा तेच होतं: "बाबांची पाठ पुढं सरळ झालीच नाही, परब. त्यानंतर मी कुणाला मला उचलू दिलं नाही." हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, कुबडीचं रबर काढून पुन्हा बसवत होत्या. मला फार वाईट वाटलं, पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती. मी नुसता आणखी एक चहा सांगितला.

'खाली हजर' मग ऑफिसात रुळला. गुडघे गेलेले म्हातारे, पोटुशा बाया, आंधळे, दम्याचे, सगळे बाईंच्या खिडकीशी येऊन म्हणायचे, "आम्हाला पण खाली हजर करा." तपासणीवाल्यांनी हरकत काढली: 'खाली म्हणजे नेमके कोठे, ते स्पष्ट करावे.' बाईंनी उत्तर दिलं: 'जिन्याच्या पायथ्याशी.' असा पत्रव्यवहार बरीच वर्षं चालला. तेवढ्या काळात दोन साहेब बदलले. तिसरे साहेब स्वतः गुडघ्याचं ऑपरेशन करून आले आणि आठवड्यात आदेश निघाला, की सुनावण्या तळमजल्यावर होतील. जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांची खोली होती, ती साफ झाली. तेच सुनावणीचं दालन. बाई म्हणाल्या, "माझ्या इतक्या कागदांनी जे झालं नाही, ते साहेबांच्या एका गुडघ्यानं केलं."

मग त्यांची बढती आली. केबिन अर्थातच वर. बाईंनी बढती घेतली, केबिन घेतली नाही. जिन्याखालच्या त्याच खोलीत एका कोपऱ्यात टेबल मांडलं. साहेबांनी समजावलं, "मॅडम, अधिकाऱ्यानं खाली बसलं तर स्टाफमध्ये मान राहत नाही."

"मान राहते की," बाई म्हणाल्या. "वर बघून बघून दुखायची तेवढी थांबते."

पुढे आमच्या भागातल्या सगळ्या सरकारी जागा तपासायचं काम त्यांच्याकडे आलं. दवाखाने, उद्यानं, वाचनालयं. मी त्यांच्याबरोबर बऱ्याचदा जायचो. त्यांची तपासणीची पद्धत मी दुसऱ्या कुणाची बघितली नाही. फाईल उघडायच्या नाहीत, नकाशा मागायच्या नाहीत. आत शिरल्या शिरल्या विचारायच्या, "बाथरूम कुठंय?" एवढंच. त्या एका प्रश्नात सगळी इमारत उघडी पडायची. पायरी कुठं आहे, दार किती अरुंद, फरशी कशी, सगळं बाथरूमपर्यंतच्या वाटेत कळायचं. अपंगांसाठीचं बाथरूम बहुतेक ठिकाणी असायचंच, आणि त्याला कुलूपही असायचं. मग दुसरा प्रश्न, "किल्ली कुणाकडे?" इथं सगळे एकमेकांकडे बघायला लागायचे. किल्ली सापडून दार उघडलं की आत झाडू, फिनेलचे कॅन, गेल्या कार्यक्रमाचे बॅनर. एका ठिकाणी तर आत साहेबांचे बुटांचे जोड निघाले. बाई रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "बूट बाहेर काढा, मला आत जायचंय." आणि खरंच गेल्या.

पवईच्या बाजूला एका वाचनालयात ब्रेलची पाटी लावली होती. पितळेची, चकचकीत. दाराच्या चौकटीच्या वर, पंख्याच्या उंचीवर. बाईंनी तिथल्या माणसाला विचारलं, "ही पाटी कुणासाठी?"

"अंध वाचकांसाठी, मॅडम."

"मग एवढ्या वर का लावली?"

तो अगदी मनापासून म्हणाला, "खाली लावली तर लोक हात लावतात ना, मॅडम."

बाई कुबड्या टेकत बाहेर आल्या. रिक्षात बसल्यावर अशा हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं, कुबडी पायाशी पडली. रिक्षावाला मागे वळून बघायला लागला. मग एकदम थांबून म्हणाल्या, "परब, यातला एकही माणूस दुष्ट नाही हो. हीच तर अडचण आहे. दुष्ट असता तर भांडले असते." रिक्षाच्या कडेला डोकं टेकवून त्यांनी डोळे मिटले. दमलेलं मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

आमच्या इमारतीत शेवटी लिफ्टही आली, त्यांच्या निवृत्तीच्या थोडी आधी. आणि निवृत्तीच्या दिवशी एक गंमत झाली. तरुण स्टाफनं मोठ्या हौसेनं निरोप समारंभ ठरवला, दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. तिथं एसी आहे, स्टेज आहे. फुलांची कमान केली, मोठ्या साहेबांना बोलावलं. माणसं वर जाऊन बसली. आणि मॅडम दालनातून निघून लिफ्टशी आल्या, तर लिफ्ट बंद. दारावर चिकटपट्टीनं कागद: 'देखभालीसाठी'.

मी त्यांच्याबरोबरच होतो. दोन-तीन पोरं धावत खाली आली. रडायच्या बेतात. "सॉरी मॅडम, आमच्या लक्षातच आलं नाही. तुम्हाला जिना चढता येत नाही हेच विसरलो." एक जण भीत भीत म्हणाला, "मॅडम, खुर्ची आणू का? आम्ही चौघं आहोत, अलगद नेऊ."

मला वाटलं, आता झाला स्फोट. बाई त्या पोराकडे बघत राहिल्या. मग त्याच्या गालाला हात लावला. "तू विसरलास ते झकास केलंस रे. माणसांनी विसरावंच. बिल्डिंगनं विसरायचं नसतं." आणि जिन्याच्या पायथ्याशी त्याच जुन्या बाकावर, जिथं हिराबाई बसायची, तिथं बसल्या. कुबड्या बाजूला टेकवल्या.

वर माईकवरून कुणीतरी नाव घेत होतं. सत्कारमूर्ती दिसेनात म्हणून कुजबुज सुरू झाली असावी. खिडक्या बंद होऊन खालचा गलका थांबला होता. सावंत जिन्याच्या तोंडाशी आला. त्याचे केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच. खाली आम्हाला बघितलं, आणि काय सुचलं कोण जाणे, पूर्वीसारखा ताठ उभा राहून त्यानं पुकारा केला:

"प्रमिला इंगळेऽऽ!"

बाईंनी मान वर केली. छाती भरून घेतली आणि अख्ख्या जिन्यात घुमेल असा आवाज काढला:

"हजर!"

या वेळी वर ऐकू गेलं. आधी एकाची पावलं वाजली, मग दहा जणांची, मग सगळा हॉल जिन्यावरून खाली यायला लागला. मोठे साहेब शाल हातात घेऊन, त्यांच्यामागे नारळ, पुष्पगुच्छ, समोशांची ताटं. माईकची वायर पुरेना म्हणून माईक वरच राहिला. बाई भाषण करणार होत्या, पण केलं नाही. पदरानं डोळे पुसत बसल्या होत्या. मी त्यांना रडताना त्या एकाच दिवशी बघितलं, आणि माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.

त्यानंतर आमची शेवटची भेट झाली ती घाटकोपरच्या मेट्रो स्टेशनखाली. वर्षानुवर्षं कुबड्यांवर भार टाकून खांदे निकामी झाले होते, त्यामुळे आता व्हीलचेअर होती, बटणावर चालणारी. हिराबाईनं जेवायला बोलावलं होतं, सुरमई ठेवली होती म्हणे. "घाटकोपर ते वर्सोवा, एका दमात," त्या म्हणाल्या. "दाराशी लिफ्ट, डब्यात चढायला पायरी नाही. मी आता बुडवायच्या गणपतीसारखी नाही, राणीसारखी जाते." आवळा सुपारीची डबी पुढे केली. मी बोरिवलीचा, गुजराती शेजाऱ्यांसाठी आणलेल्या पिशव्या सांभाळत उभा होतो. त्यावरून माझी थट्टा केली. माझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि म्हणाल्या, "आता कळेल तुम्हाला."

लिफ्ट आली. दार उघडलं. त्यांनी बटण दाबून खुर्ची आत घेतली, आतल्या आत वळवली आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "चला परब, मी वर जाते."

माझा चेहरा उतरला असणार. त्या खळखळून हसल्या. "अहो, फलाटावर! तोंड बघा केवढंसं झालंय!"

दार लागलं. काचेतून त्या हात हलवत होत्या. हात लावायला तिथं कुणी नव्हतं. बाई आपल्या आपण वर गेल्या.